सकाळचं विरजण

माझ्या हाताखालून एक लाख चौऱ्याऐंशी हजार माणसं गेली, आणि त्यांतल्या एकालाही मी चुकीच्या गटात टाकलं नाही, असं मी गेल्या वर्षापर्यंत छाती पुढं काढून सांगत होते. आता त्या वाक्यात थोडा बदल करावा लागतो. छाती मात्र मागं गेलेली नाही, उलट दोन बोटं पुढंच आली असेल. का, ते सांगते.

मी शालन कांबरे. पंचगंगेकाठच्या बोरपेठ या यंत्रमागांच्या शहराची गटाधिकारी. ज्यांच्या शहरात अजून गट पडलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं शास्त्र सांगावं लागेल. घाबरू नका, मलाही ते एवढंच येतं.

माणसाच्या आतड्यात जिवाणूंची एक अख्खी वस्ती असते. कुणाच्या पोटात कोणते जिवाणू किती, हे प्रमाण माणसागणिक वेगळं. जुनी औषधं एकेक करून निकामी व्हायला लागली, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की एकच गोळी एका पोटात नीट काम करते आणि दुसऱ्या पोटातले जिवाणू तीच गोळी रक्तात पोचायच्या आत फोडून टाकतात. प्रत्येक माणसासाठी वेगळं औषध बनवणं कुठल्याच सरकारच्या आवाक्यातलं नव्हतं. पण पोटांचे मोजके प्रकार पाडले तर जमण्यासारखं होतं. म्हणून एक यंत्र आलं, कपाटाएवढं. त्याला आपली डबी द्यायची (कसली डबी, ते विचारू नका) आणि ते सांगायचं की हे पोट अमुक गटातलं. गावानं त्या यंत्राचं नाव ठेवलं चाळण.

चाळणीनं बोरपेठेचे सात गट पाडले. प्रत्येक गटाचं कार्ड वेगळ्या रंगाचं, औषध वेगळं, रेशनचं पीठ वेगळं, दह्याचं पाकीटसुद्धा वेगळं. नियम एकच, पण कडक: एका गटानं दुसऱ्या गटाच्या घरचं अन्न खायचं नाही, कारण पोटांची सरमिसळ झाली की औषध पुन्हा फसतं. माणसं कुरकुरली, लग्नं जमवताना पत्रिकेच्या आधी कार्ड बघायला लागली, एकाच घरात दोन चुली झाल्या. पण दर पावसाळ्यात शहरात आतड्याच्या तापानं शंभर-सव्वाशे माणसं दगावायची, ती पाचसहावर आली. मी त्या आकड्याकडं बघून झोपायची आणि त्या आकड्याकडं बघून उठायची.

आमच्याही घरात दोन चुली होत्या. मी गट तीन, आमचे दिनकरराव गट पाच. हे मागाचे जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग कान लावून दुरुस्त करणारे. आता निवृत्त. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी यांच्या ताटातला भाकरीचा पापुद्रा पळवत होते. गट पडल्यावर ते बंद झालं. माझं निळं पाकीट फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, यांचं हिरवं खालच्या. गटाधिकारीच नियम मोडायला लागली तर गावानं कुणाकडं बघायचं? सहा वर्षं आम्ही समोरासमोर बसून आपापलं जेवलो.

गेल्या एप्रिलमध्ये जुन्या चाळणीच्या जागी बारीक जाळीची नवी चाळण आली. तिनं तीनशे बारा माणसं बाजूला काढली. ही माणसं पूर्वीही दोन गटांच्या मधे लोंबकळायची, आणि आम्ही त्यांना जवळच्या गटात ढकलून मोकळे व्हायचो. आता त्यांच्यापुढं शब्द आला, ‘अवर्गीकृत’.

विभागीय केंद्रातून डॉक्टर केतकी उपळेकर यांचा फोन आला. बाई हुशार, वय अडतीस, वाक्याला वाक्य जोडून बोलणारी.

“शालनताई, या तीनशे बारा जणांचं एकमेकांशी उत्तम जुळतंय, पण का जुळतंय ते कळत नाही. कारण न कळलेल्या गटाला आपण औषध देऊ शकत नाही. पावसाळ्याआधी त्यांची धुलाई करून त्यांना गट तीनमध्ये घ्यायचं ठरलंय. पुढच्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता सुरुवात.”

धुलाई म्हणजे जबर औषध देऊन पोटातली सगळी वस्ती मारायची आणि नवी वसवायची. तरण्या माणसाला आठ दिवस अशक्तपणा येतो. सत्तरीपुढच्या बारा जणांत एक जण त्यातून उठत नाही.

मी यादी उघडली. एकशे सत्तेचाळीसाव्या क्रमांकावर नाव होतं, जुबेदा मोमीन, वय शहात्तर, चिंचेची गल्ली. ती माझ्या माहेरची गल्ली. आई मागावर पाळीला जायची तेव्हा मी जुबेदाचाचीच्या ओट्यावर वाढले. माझ्या हातानं माझ्याच चाचीला ते औषध द्यायचं होतं.

“मॅडम, त्यांना वेगळा गट म्हणून मान्यता नाही मिळणार?” मी विचारलं.

“नियमात आहे. तीन गोष्टी सिद्ध करा. गटाची हद्द, सलग काही वर्षं टिकलेला समतोल, आणि एकच उगम. आणा, मी स्वतः सही करते.”

दहा दिवस हातात होते. हद्द नव्या चाळणीनंच आखून दिली होती, समतोल सिद्ध करणंही सोपं गेलं. जुने नमुने शीतगृहात होते, ते नव्या चाळणीतून काढले. सहा वर्षांत या लोकांची पोटं तसूभर बदलली नव्हती. आणखी एक गोष्ट हाताला लागली, जी मला आधीच दिसायला हवी होती: सहा पावसाळ्यांत या तीनशे बारांपैकी एकही आतड्याच्या तापानं दवाखान्यात गेला नव्हता. अख्ख्या शहरात एवढं धट्टंकट्टं पोट कुणाचं नव्हतं, आणि आम्ही ते धुवायला निघालो होतो.

उगम मात्र सापडेना. एकसष्ट घरं, अकरा गल्ल्या. यादीत सुतार होते, मोमीन होते, कोष्टी, जंगम, कांबळे, आणि ओडिशातून मागावर कामाला आलेलं बेहेरा कुटुंब. नळाची लाइन एक नाही, रेशनचं दुकान एक नाही, कारखाना एक नाही. मी फॉर्म घेऊन पुन्हा दारोदार फिरले. फॉर्म मीच बनवलेला. प्रश्न क्रमांक चौदा: ‘तुम्ही दुसऱ्या घरचं अन्न घेता काय?’ हा प्रश्न माझा खास अभिमानाचा. केंद्रानं तो आणखी नऊ शहरांना पाठवला होता. एकसष्टच्या एकसष्ट घरांनी उत्तर दिलं, नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी चिंचेच्या गल्लीत वैजंता सुतारच्या घरी बसले होते. प्रश्न चौदाला तीही “न्हाई” म्हणाली. एवढ्यात तिची सून हातात रिकामी वाटी घेऊन बाहेरून आली.

“दिवं लागलं म्हनाली. सकाळी देतो, ये म्हनाली,” सून बोलली. आमच्याकडच्या बायका मी देतो, मी जातो असंच बोलतात.

“काय आणायला गेली होती?” मी विचारलं.

“विरजन वो ताई. म्हातारीनं सगळं दही सपिवलं.”

“मग मघाशी नाही का म्हणालीस? प्रश्न चौदा.”

वैजंतानं माझ्याकडं दया आल्यासारखं बघितलं. “तुमी अन्न इचारलासा. चमचाभर विरजन काय अन्न हाय व्हय?”

मी पेन खाली ठेवलं. सहा वर्षं मी पिठाची पोती मोजली, नळाच्या तोट्या मोजल्या, आणि वाटीतला तो चमचा माझ्या प्रश्नाच्या खालून निघून गेला होता. एकसष्ट घरांतली एकही बाई खोटं बोलली नव्हती. आमच्यात विरजण अन्नात धरतच नाहीत. आणि हे मला कळायला हवं होतं, कारण मीही त्याच गल्लीतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटीच्या मागं निघाले. वैजंताच्या सुनेनं विरजण आणलं कोष्ट्यांकडून, कोष्ट्यांनी मागच्या महिन्यात आणलं होतं बेहेराबाईकडून, तिनं जंगमांकडून. कागदावर बाण काढत गेले. तीन दिवसांत एकसष्ट घरांचे बाण झाले, आणि सगळे फिरून फिरून एकाच दारात पोचले. जुबेदाचाचीच्या. तिच्या फडताळात मातीचं काळं मडकं आहे. कुणाचं दही बिघडलं, नासलं, संपलं, की शेवटी माणूस तिथं येतो. पाकिटं सगळेच घेत होते, कार्डावर शिक्का मारून घेत होते, आणि पाकिटातलं दही कढीत ओतत होते. खायला मात्र घरचं.

दह्यातले जिवाणू पोटात कायमचे राहत नाहीत, हे मला माहीत होतं. पण रोज यायचा, लहानपणापासून यायचा, तोच पाहुणा यायचा, तर घराचं वळण बदलतंच. तसं या लोकांच्या पोटांचं झालं होतं. मी रात्रीच अहवाल पाठवला. त्यात लिहिलं: प्रश्न क्रमांक चौदा माझा आहे, त्यातली चूकही माझीच आहे. हे लिहिताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण बाणांचा तो नकाशा खाली जोडताना मात्र मान ताठ होती.

केतकीमॅडमचा निरोप आला. हद्द मान्य, समतोल मान्य. उगमाचा नमुना मी स्वतः घेणार, गुरुवारी दुपारी पोचते. नमुना गटाशी नव्वद टक्के जुळला पाहिजे.

गुरुवारी पुलावर कापसाचा ट्रक उलटला आणि त्यांची गाडी तीन तास अडकली. चिंचेच्या गल्लीत आम्ही पाय ठेवला तेव्हा घराघरात दिवे लागलेले. चाचीनं चहा टाकला. केतकीमॅडमनी पेटीतून काचेची कुपी काढली आणि सगळं नीट समजावून सांगितलं.

चाचीनं शांतपणे ऐकून घेतलं. “देतो की. सकाळी या.”

“आजी, उद्या आठला धुलाई सुरू होणार आहे.”

“दिवं लागल्यावर दही घराभाईर देत न्हाई आमी.”

माझं डोकंच फिरलं. “चाची, हट्ट करू नको. तुझं वय शहात्तर हाय. उद्या त्या औषधानं जीव जाईल तुझा. एक चमचा दे आणि मोकळी हो.”

“शालन,” चाची म्हणाली, “ह्ये मडकं कुनी दिलं म्हाईत हाय तुला?”

मला माहीत नव्हतं.

“लगीन हून मी या गल्लीत आलो, तवा एकोनीस वर्साचा हुतो. घरात दूध हुतं, विरजन न्हवतं. तुझी आई माझ्या दारात आली आनि मडकं भरून दही दिली. तू जन्माला बी न्हवतीस. म्हनाली, जुबेदा, मागंल त्याला दे. जात बगू नगं, भांडान झालं असलं तरी दे. पर दिवं लागल्यावर देऊ नगं. सकाळी, उन्हं यायच्या आदी, ताजं लागलेलं दे. मी आक्काला, तुझ्या आईला, सबुद दिलाय. सत्तावन्न वर्सं झाली, एकदा बी मोडला न्हाई.”

आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. लग्न करून मी फ्लॅटमध्ये गेले, मग गट आले, पाकिटं आली, आणि तिचं दही माझ्या घरातून कधी संपलं ते मला आठवतसुद्धा नव्हतं. ते इथं होतं. तीनशे बारा माणसांच्या पोटात होतं.

केतकीमॅडम उठल्या. “कायद्यानं मी आत्ता नमुना घेऊ शकते.”

“घ्या की,” चाची म्हणाली. “मडकं तितं हाय. पर माझ्या हातनं न्हाई.”

मॅडमनी एक पाऊल टाकलं आणि मी फडताळापुढं जाऊन उभी राहिले. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी वरिष्ठांच्या वाटेत कधी उभी राहिले नव्हते.

“मॅडम, सकाळी सहा वाजता. तपासायला दीड तास लागतो. साडेसातला उत्तर हातात असेल.”

“आणि नाही जुळलं तर?”

“तर पहिला डोस मी माझ्या हातानं देईन.”

त्या कुपी पेटीत ठेवून बाहेर पडल्या. पण शास्त्रज्ञच त्या, रिकाम्या हातानं कशा जातील? वैजंताच्या मोरीत दुपारची खरकटी दह्याची वाटी पडली होती. ती पुसून घ्यायला कुणाची ना नव्हती. दोन तासांनी त्यांचा मला फोन आला.

“शालनताई, वैजंताच्या वाटीतलं दही त्याच मडक्यातून निघालेलं, पण अडुसष्ट टक्केच जुळतंय. सकाळी येते मी. फार आशा धरू नका.”

मी घरी येऊन निळ्या कप्प्यासमोर तशीच उभी राहिले. दिनकररावांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, “आम्ही मागाची तपासणी कधी करत होतो सांग.”

“कधी?”

“सकाळी, गार असताना. दिवसभर चालून तापलेला माग खरं सांगत नाही. तुझ्या आईनं कधी आंबट दही दिलंय का कुणाला?”

“नाही.”

“मग जेव आता.”

सकाळी सहाला चाचीच्या ओट्यावर तीन वाट्या वर झाकणं ठेवून ओळीनं मांडलेल्या होत्या. ज्यांनी आदल्या दिवशी मागून ठेवलं होतं त्यांच्या. चौथी वाटी केतकीमॅडमची. चाचीनं मडक्यावरचं फडकं काढलं. दही नुकतंच लागलं होतं, वर पाण्याचा थेंब नाही. तिनं चमचा घातला तर कड तुटली नाही. मॅडमनी कुपी पुढं केली, तेव्हा चाची म्हणाली, “आदी वाटी धरा. मग कुठं घालायचं तितं घाला.” मॅडमनी दोन्ही हातांनी वाटी धरली.

यंत्राची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. एव्हाना गल्ली जमा झाली होती. वैजंता, तिची सून, बेहेराबाई कडेवर लेकरू घेऊन. एका बाकावर चाची बसली होती आणि मी तिचा हात धरला होता, की तिनं माझा, ते आता सांगता येणार नाही.

साडेसातला चार मिनिटं कमी असताना मॅडम गाडीतून उतरल्या. “शहाण्णव.”

त्यांनी नंतर मला आकडे समजावून सांगितले. या विरजणात दोन मुख्य जिवाणू आहेत. पहाटे, दही नुकतंच लागतं तेव्हा, दोघंही बरोबरीनं असतात. दिवस चढतो, दही आंबतं, तसा त्यांतला एक आंबटपणानं मरत जातो आणि दुसरा माजतो. संध्याकाळचं विरजण दिलं असतं, तर पुढच्या घरी लंगडं दही गेलं असतं, त्याच्या पुढच्या घरी आणखी लंगडं, आणि दोन-चार वर्षांत हा समतोल नाहीसा झाला असता. रोज पहाटेचं, आणि फक्त पहाटेचंच, हाताबाहेर गेलं म्हणून सत्तावन्न वर्षं तो टिकला. आमच्या सगळ्या गटांची पाकिटं दर सहा महिन्यांनी केंद्रातून ताज्या बीजानं नवी करावी लागतात. त्याला शीतगृहं लागतात, तंत्रज्ञ लागतात.

“हा नियम कुणी केला?” मॅडमनी चाचीला विचारलं.

चाचीनं हनुवटीनं माझ्याकडं खूण केली. “हिच्या आईनं. मागावर कामाला हुती.”

मी आयुष्यात दोन सत्कार घेतलेत, शाली घेतल्यात, नारळ घेतलेत. त्या सकाळइतका अभिमान मला कधी वाटला नाही, आणि त्यात माझं स्वतःचं कर्तृत्व काहीच नव्हतं.

धुलाई रद्द झाली. बोरपेठेचा आठवा गट मंजूर झाला, आणि त्याचं औषध पावसाळ्याआधी आलं. निघताना मॅडमनी चाचीची वाटी धुऊन परत केली, तर चाची वाटीत बघतच राहिली. रिकामी वाटी परत करत नाहीत, हे मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी पेटी धुंडाळली आणि नमुन्यांसाठी आणलेली साखरेची पुडी त्यात ओतली.

मला जायच्या आधी चाचीनं थांबवलं. तिनं माझ्यासाठी चमचाभर काढून ठेवलं होतं. “घे. तुझ्या आईचं तुलाच परत देतो मी.”

गट बदलण्याचा रीतसर अर्ज आम्ही दोघांनी केला. वर्ष लागतं, रोज तेच दही खावं लागतं, मधे तीन वेळा डबी द्यावी लागते. दिनकररावांनी फ्रिजमधली दोन कप्प्यांमधली फळीच काढून टाकली. पहिल्या दिवशी मी यांच्या ताटातला पापुद्रा घेतला, तर म्हणाले, “अजून मंजुरी यायची आहे, साहेब.” मी तो खाल्लाच.

या एप्रिलमध्ये नवा फॉर्म निघाला. प्रश्न चौदा आता असा आहे: ‘तुमच्या घरी विरजण कुणाकडून येतं?’ नऊ शहरांनाही तोच गेलाय. त्यांतल्या चार ठिकाणी बाण काढायला सुरुवात झालीये. नियमाप्रमाणे गटाधिकाऱ्यानं स्वतःचा फॉर्म सगळ्यांच्या आधी चाळणीच्या पडद्यावर भरायचा असतो. कार्ड नवीन, गट आठ, क्रमांक तीनशे तेरा. चौदाव्या प्रश्नापुढं चाचीचं नाव लिहून चाललं असतं. मी तसं लिहिलंही, आणि मग पुसलं. लिहिलं, आक्काताई हावळ, चिंचेची गल्ली.

चाळणीनं क्षणभर विचार केला आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘ही व्यक्ती हयात नाही. तरीही उगम म्हणून नोंद ठेवायची काय?’

मी ‘होय’ दाबलं.